सिग्नलचे चर्पसारख्या घटकांत विघटन करायला फार वेळ लागतो, शोध आवरता कसा घ्यावा?

तुम्ही १०२४ सॅम्पलच्या सिग्नलमधून एकेक चर्पलेट (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारा, म्हणजे चर्पचा, छोटा तुकडा) शोधून वजा करता आहात आणि प्रत्येक फेरी रेंगाळते आहे. वेळ खाते ते उताराचे जाळे, म्हणजे अनेक संभाव्य उतार एकेक करून तपासणे.

गॉसियन चर्पलेटची मापे चार: मध्यकाळ, मध्य फ्रिक्वेन्सी, लांबी आणि उतार, म्हणजे फ्रिक्वेन्सी दर सेकंदाला किती सरकते ते. ६४ मध्यकाळ, ८ लांब्या आणि ५० उतार घेतले की एका फेरीत २५,६०० एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारी झटपट आकडेमोड) होतात. मॅलाट आणि झँग यांच्या १९९३ च्या मॅचिंग परसूटमध्ये, म्हणजे दर फेरीला सर्वांत जुळणारा घटक निवडून वजा करण्याच्या पद्धतीत, हे दर घटकामागे पुन्हा करावे लागते. माझ्या मते उतार शोधूच नये, तो मोजता येतो.

आधी हिल्बर्ट रूपांतराने सिग्नल अ‍ॅनालिटिक करा, म्हणजे त्याच्या ऋण फ्रिक्वेन्सी काढून टाका, नाहीतर खालच्या फ्रिक्वेन्सीला ऋण बाजूची सरमिसळ होते. मग उतार शून्य धरून, ऊर्जा १ केलेल्या गॉसियन विंडोंनी फक्त ५१२ एफएफटी काढा, शून्ये भरून चौपट लांबीचे, आणि सर्वांत उंच शिखर उचला. गॉसियनचा एफएफटी गॉसियनच असतो. त्यामुळे शिखराच्या तीन बिनमध्ये (बिन म्हणजे एफएफटीतला फ्रिक्वेन्सीचा एक कप्पा) लॉग मोठेपणाला आणि उलगडलेल्या फेजला पॅराबोला बसतो. फ्रिक्वेन्सी रेडियन प्रति सेकंदात घेऊन वर्गपदांचे गुणांक अनुक्रमे −प आणि −क आले, तर

अ = प ÷ [४(प² + क²)], ब = क ÷ [४(प² + क²)].

अ म्हणजे काळातल्या लॉग मोठेपणाच्या वर्गपदाचा गुणांक (चिन्ह उलटे करून), आणि ब म्हणजे काळातल्या फेजच्या वर्गपदाचा गुणांक.

ब ला ३.१४१६ ने भागले की उतार हर्ट्झ प्रति सेकंदात मिळतो. अ मधून विंडोचा स्वतःचा अ वजा केला की घटकाची लांबी कळते. फेज विंडोच्या मध्यापासूनच मोजा. विंडोचा मध्य एफएफटीच्या शून्य सॅम्पलवर न आणता मधोमध ठेवला, तर फेज बिनागणिक जवळजवळ अर्धे वर्तुळ फिरतो आणि उलगडताना चुकतो. बहुतेकांचे गणित इथेच फसते. वजाबाकी ऋण आली तर त्या विंडोत दोन घटक आहेत किंवा नॉइज जास्त आहे. तेवढ्यापुरते पाच-सात उतार तपासून पाहा.

ही मापे सुरुवातीची समजा आणि बीएफजीएसने (मापे थोडीथोडी हलवून सर्वोत्तम जुळणी शोधणारी पद्धत) घासून घ्या. लांबीऐवजी तिचा लॉग वापरा, म्हणजे ती ऋण होत नाही. फ्रिक्वेन्सीची पायरी लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि उताराची लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ठेवा. हे केले नाही तर उतार जागचा हलत नाही.

एकमेकांना छेदणारे चर्प हे खरे दुखणे. लोभी निवड, म्हणजे दर वेळी सर्वांत मोठा घटक उचलणे, छेदाजवळ दोघांच्या मधला एक खोटा घटक उचलते आणि पुढच्या फेऱ्या तीच चूक झाकत बसतात. म्हणून दर दोन-तीन घटकांनंतर मागे वळा: एक घटक अवशेषात (वजाबाकीनंतर उरलेल्या सिग्नलमध्ये) परत मिसळा, त्याची मापे नव्याने बसवा, मग पुढचा घ्या. शेवटी सगळ्यांचे गुणांक लघुतम वर्गांनी एकत्र काढा. इतकी काटकसर केल्यावर हा खर्च सहज परवडतो.

थांबायचे कधी? पांढऱ्या नॉइजमध्ये स्वतंत्र म घटक तपासले, तर सर्वांत मोठ्या गुणांकाची ऊर्जा साधारण एका गुणांकातल्या नॉइजच्या सरासरी ऊर्जेच्या 'म चा नैसर्गिक लॉग' पट असते. शिखर त्याखाली गेले की थांबा. 'सिग्नलच्या ऊर्जेचे ९५ टक्के घटकांत आले की थांबा' हा नियम मला पटत नाही. नॉइज जास्त असला की तो नॉइजचेच चर्पलेट करत राहतो.

चाचणीसाठी तपकिरी वटवाघळाच्या हाकेचा ४०० सॅम्पलचा, ७ मायक्रोसेकंद अंतराचा प्रसिद्ध नमुना घ्या. त्यातल्या रेषा वाकड्या आहेत, म्हणून एकेक रेषा अनेक सरळ चर्पलेटमध्ये तुटेल. सांध्यावर ज्यांच्या तात्कालिक फ्रिक्वेन्सी जुळतात, ते तुकडे एकाच घटकाचे धरा.