बँकेच्या कर्जासाठी जागेचं व्हॅल्युएशन करताना, म्हणजे तिची किंमत ठरवताना, आकडा थोडा चढवून दिला तर खरंच काही बिघडतं का?

तुम्ही लिहिलंय की बँकेच्या व्हॅल्युअरांच्या पॅनेलवर नुकतेच आलात, कर्जाचा एजंट फोन करून ‘एवढे बसवा’ म्हणतो आणि नाही म्हटलं तर कामं बंद होतील अशी भीती वाटते. शेवटी विचारलंय, ‘कर्ज फिटलं तर नुकसान कुणाचं?’ हे वाक्य सोलापुरात माझ्या जुन्या भागीदाराच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर दिल्यावाचून राहवेना.

बिघडतं.

पूर्व भागात एका कारखानदाराचं काम आलं होतं. खाली यंत्रमाग, वर राहतं घर, जागा दीड गुंठा. टॉवेलची मोठी ऑर्डर मिळाली होती, सूत घ्यायला पैसा हवा होता, म्हणून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. माणूस सरळ. माग चालू असले की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्यानं स्वतः ते बंद केले, टेपचं दुसरं टोक धरलं आणि मागच्या गटारीपर्यंत माझ्याबरोबर मापं घेतली. त्यानं आकड्याचा शब्दही काढला नाही. निघताना एजंटनं चिठ्ठी दिली : ७५ लाख. वर म्हणाला, “समोरचीच जागा चौरस फुटाला चार हजारानं गेली की ओ मालक, तुम्हाला काय अडचण?”

समोरच्या जागेचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, काढला. घेणाऱ्याचं आडनाव आणि चतुःसीमेतलं पूर्वेचं आडनाव एकच. जागा शेजाऱ्यानंच घेतली होती, त्याला दोन शेड जोडून एक करायची होती. अशी गरज असलेला माणूस मागेल ते मोजतो, दुसरं गिऱ्हाईक तेवढं देत नाही. शिवाय ती जागा मंजूर लेआउटमधली, ४० फुटी रस्त्याला लागून. ही गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेली, नियमितीकरण झालेलं नाही, वरचा मजला कुठल्याच नकाशात नाही. आतल्या गल्लीतले दस्त अडीच ते पावणेतीन हजारांचे निघाले. मी २,६०० धरला, वरच्या मजल्याची किंमत धरली नाही आणि ती का धरली नाही तेही रिपोर्टात लिहिलं. जमीन आणि खालचं बांधकाम घसारा वजा जाता ५२ लाख.

संध्याकाळी ऑफिसात भागीदार म्हणाला, “आपण मत देतो, कर्ज बँक देते. मतच आहे, तर ७५ का नको?” मी ५२ वर सही केली. दुसऱ्या कुणाचा तरी ७५ चा रिपोर्ट लागला, कर्ज झालं, त्या एजंटकडून मला परत काम आलं नाही. पुढं आम्ही दोघंही वेगळे झालो.

ते कर्ज बुडालं नाही. कारखानदारानं पै न पै फेडली, आता मुलगा माग चालवतो. भागीदार लग्नकार्यात भेटला की अजून हेच ऐकवतो. पण कर्ज फिटलं ते त्या माणसाच्या कष्टानं आणि त्याच्या मालाला गिऱ्हाईक होतं म्हणून. रिपोर्टावर तारीख असते. त्या तारखेला ती जागा बाजारात कितीला गेली असती, एवढंच आपल्याला विचारलेलं असतं. ते पुढच्या हप्त्यांवरून ठरत नाही. उद्या तीच जागा लिलावात ४५ ला गेली असती तरी माझे ५२ चूक ठरले नसते.

आणि नुकसान झालंच. त्यानंतर त्याच गल्लीच्या रिपोर्टांत ‘स्थानिक चौकशीनुसार’ म्हणून चार हजाराचा भाव दिसायला लागला, मागं एकही दस्त नसताना. अशा भावावर दिलेलं कर्ज थकलं आणि सरफेसीत, म्हणजे कोर्टाशिवाय तारण जागा विकायच्या बँकेच्या कायद्यात, जागा गेली, तर राखीव किंमतच फुगलेली निघते. बोली लागत नाही, लिलाव पुढं ढकलला जातो आणि व्याज कर्जदाराच्या डोक्यावर चढत राहतं.

२०१७ च्या नोंदणीकृत मूल्यांककांच्या नियमांत आचारसंहिता आहे. काम झालं तरच फी, हे चालत नाही आणि ग्राहकाच्या सोयीचं मूल्यांकन करायला मनाई आहे. भागीदार म्हणायचा, ते कंपनी कायद्याखालचं, आपल्या कर्जाच्या कामाला लागत नाही. कागदावर त्याचं बरोबर असेल. पण कंपनीच्या इमारतीला जे गैर, ते दीड गुंठ्याला चालतं, याचं कारण त्यानं कधी दिलं नाही.

काम बँकेच्या पत्रावर घ्या, फी एजंटच्या हातून घेऊ नका. त्यानं आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवला तर तोच शाखेला मेल करा. पॅनेलवरून काढतील का? एखाद्या शाखेची कामं जाऊ शकतात. माझी गेली.

हेही सांगायला हवं की दोन प्रामाणिक व्हॅल्युअरांत दहा टक्के फरक पडतो. कुणी ५६ लिहिले असते तर मी भांडलो नसतो. होटगी रोडला विमानतळाच्या आसपास तर उंचीची परवानगी किती मिळते यावर भाव हलतो, तिथं फरक याहून जास्त पडेल. भूसंपादनाचा मोबदला २०१३ च्या कायद्यानं ठरतो, तिथं यातलं बरंच लागू नाही. आणि सगळे एजंट असे नसतात.

पुढच्या वेळी फोन आला की त्या भावाचा दस्त क्रमांक मागा. माझ्या भागीदारानं तो कधीच मागितला नाही.