अननसाच्या पानांपासून विणलेलं कापड इतकं महाग का असतं? पानं तर टाकाऊच असतात ना?

पानांचे पैसे फारसे नसतातच. तुम्ही पैसे मोजता ते गाठींचे.

मी हातमागावर सुती विणते. कापसाचे तंतू आखूड असतात, पण पीळ दिला की ते एकमेकांना धरून राहतात आणि हवं तेवढं लांब सूत निघतं. फिलिपिन्सच्या आकलान प्रांतात, कालिबोच्या आसपास विणल्या जाणाऱ्या ‘पिन्या’ला, म्हणजे अननसाच्या कापडाला, ही सोय नाही. तिथे तंतू कातत नाहीत, म्हणून एका तंतूची लांबी फार तर पानाएवढी. तो संपला की दुसरा गाठ मारून जोडायचा, मग तिसरा. सगळं बोटांनी, आणि प्रत्येक गाठीची शेंडी कापून टाकायची. माझ्या ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला तरी तो सांधेपर्यंत माग थांबतो. तिथे अख्खं सूतच सांध्यांचं! हे हात पाहिले की मला किंमत महाग म्हणवत नाही.

त्याआधी खरवडणं आहेच. फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या कडेने पानावरचा हिरवा थर काढला की जाडसर ‘बास्तोस’ निघतो. त्याखालचा तलम ‘लिनिवान’ नारळाच्या करवंटीने सोडवतात, मग धुऊन वाळवतात. कोरडा तंतू चटकन तुटतो, त्यामुळे विणणंही सावकाशच.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा, फिलिपिन्समध्ये तो स्पॅनिश लोकांनी नेला. पुढे यंत्रावरच्या स्वस्त सुती कापडाने ही कला पार मागे पडली. ती पुन्हा उभी राहिली आणि 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली.

असंच कापड केळीपासूनही होतं. तिचं ‘खोड’ही खरं तर एकमेकांवर गुंडाळलेल्या पानांच्या बुडख्यांचं असतं. जपानच्या ओकिनावातल्या किजोका गावचं ‘बाशोफू’ हे कापड त्यातूनच निघतं. एका किमोनोच्या कापडाला सुमारे 200 झाडं लागतात, आणि तिथेही सूत गाठी मारूनच लांबवतात.

घेणार असाल तर ‘पिन्या-सेडा’ आहे का ते आधी विचारा. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, अननसाचा असतो. वाईट नाही, पण गाठींचं काम बरंच कमी. मग कापड उजेडाकडे धरून भिंगातून पाहा. अस्सल पिन्यात धाग्यांवर मध्येमध्ये बारीक गाठी दिसतात. दुकानदार कदाचित त्यांना दोष म्हणेल. तुम्ही म्हणू नका.