आधी घरातले संपवू, मग पथ्य सुरू करू

आहार बदलायचे ठरवून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांचा पहिला प्रश्न बहुधा नव्या आहाराबद्दल नसतो. काय खावे, हे त्यांना डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी आधीच कागदावर लिहून दिलेले असते. त्यांना विचारायचे असते ते घरात भरून ठेवलेल्या वस्तूंबद्दल: फरसाणाचे डबे, बिस्किटांचे पुडे, उन्हाळ्यात केलेले पापड आणि कुरडया, कोणाच्या तरी लग्नातून आलेला मिठाईचा खोका. "हे सगळे टाकून द्यायचे का?" असे विचारताना चेहऱ्यावर अपराधी भाव असतो आणि पाठोपाठ त्यांनीच शोधलेले उत्तरही येते, "त्यापेक्षा आधी घरातले संपवू, मग पथ्य सुरू करू." जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगाव, माणूस कुठूनही आलेला असो, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याबद्दल एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

हे उत्तर समंजस वाटते, पण खानदेशातल्या घरात ते लागू पडत नाही, कारण आपल्याकडचे घर कधी रिकामे होतच नाही. दिवाळीचा फराळ संपत येतो तोवर संक्रांत येते, होळी झाली की गहू भिजत पडतात, चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवण पडते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात म्हणून पुन्हा डबे भरले जातात. ज्या दिवसाची आपण वाट पाहतो तो दिवस पंचांगातच नसतो.

अमळनेरहून येणाऱ्या एका ताईंची हकीकत मला यासाठी सांगावीशी वाटते. (त्यांची संमती आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी दोघांचीही तपासणी केली आणि ताईंची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.1 टक्के निघाली. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा मानला जातो आणि 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे पथ्य दोघांनाही होते. काही आठवड्यांत यजमानांचे वजन उतरले, ताईंचे मात्र वाढले. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा तक्रार चिडचिडीची होती.

"ह्यांचे सगळे बंद केले, मॅडम. पण दोन किलो शेव आणलेली होती, बेसनाचे लाडू होते. नरम पडायच्या आत, खवट व्हायच्या आत कोणी तरी संपवायला नको का?"

"मग कोणी संपवले?"

"मीच. दुसरे आहे कोण घरात?"

मी तेव्हा त्यावर काही बोलले नाही. त्या अन्नाबद्दल इतक्या पोटतिडकीने का बोलतात हे आधी समजून घ्यायला हवे होते. पुढच्या भेटींमध्ये ते उलगडत गेले. 1972 च्या दुष्काळात त्या लहान होत्या. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि घरी मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी असे. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, भावंडांमध्ये मोजून वाटली जाई. पुढे सासरीही "अन्न फेकू नको, माय" हेच शब्द रोज कानावर पडले. अशा बाईला "सगळे कचऱ्यात टाका आणि मोकळ्या व्हा" असे सांगणे म्हणजे तिच्या आयुष्याचा अपमान करणे होय. असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. तो पाळला जात नाही, आणि पाळला गेला तरी चार दिवसांनी दुप्पट सामान घरात येते, कारण मन दुखावलेलेच राहते.

माझ्या कामाचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे अविवेकी विचार तपासून बदलण्याची मानसोपचाराची रीत, हा आहे. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्यातली एक गोष्ट मला रोज उपयोगी पडते, ती म्हणजे इच्छा आणि हट्ट यांतला फरक. "अन्न वाया जाऊ नये" ही इच्छा आहे, आणि ती थोर आहे. "अन्नाचा कणही वाया जाताच कामा नये, गेला तर मी बाई म्हणून नालायक" हा हट्ट आहे. इच्छा माणसाला मार्ग शोधायला लावते, तर हट्ट एकच मार्ग शिल्लक ठेवतो आणि ताईंच्या बाबतीत तो मार्ग त्यांच्या पोटातून जात होता. मी त्यांना विचारले, "ही शेव तुम्ही भूक नसताना खाल्लीत, डॉक्टर नको म्हणत असताना खाल्लीत. मग ती कामी आली असे म्हणायचे का?" त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या आणि म्हणाल्या, "कामी नाही आली. पण दिसत नाही ना आता." हे उत्तर प्रामाणिक होते. तरीही तेवढ्याने गाठ सुटली नव्हती.

म्हणून मी त्यांना घरातल्या अशा सगळ्या वस्तूंची यादी करायला सांगितली आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट लिहायला सांगितली: ही कोणासाठी ठेवली आहे?

पुढच्या वेळी त्यांनी दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूला लिहून आणले होते. अक्षर शाळकरी आणि सुबक होते. कुरडया, पत्र्याचा मोठा डबा, मुलासाठी. तांदळाचे पापड, मुलासाठी. क्रीमची बिस्किटे, नातवासाठी. केळीचे वेफर्स, नातवासाठी. मुरंबा, मुलीसाठी. शेव, पाहुण्यांसाठी. थंड पेयाच्या दोन बाटल्या, जावयांसाठी. मुलगा पुण्यात, मुलगी नाशकात, दोघांचेही येणे वर्षातून दोनतीनदा. मी तो कागद त्यांच्याकडे परत दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितला. सहासात ओळी वाचून त्या थांबल्या.

"घरात आम्ही दोघेच आहोत हो," त्या म्हणाल्या. "आणि आमच्यासाठी ह्यातले काहीच नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आले, मी सुचवले नाही, याचे मला आजही समाधान आहे. मला उमगले ते इतकेच, की घरातल्या नको असलेल्या खाण्याचा प्रश्न पुष्कळदा त्या खाण्याचा नसतोच. भरलेला डबा ही वाट पाहण्याची एक रीत असते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चीक गाळून रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे तो शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्याने कुरडया घालायच्या, एवढे कष्ट कोणी केवळ तळणीसाठी करत नाही. तो डबा रिकामा करा म्हटले की त्या बाईला ऐकू येते, आता कोणी येणार नाही. आहाराचा कागद लिहून देणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही, आणि म्हणून त्यांचे कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर नुसतेच लटकतात.

मी त्यांना एक फोन करायला सांगितले. मुलाला विचारायचे, तुला खरोखर काय हवे आहे? पुढच्या भेटीत त्या आल्या त्या किंचित हसतच. मुलगा म्हणाला होता, "आई, मागच्या वर्षीच्याच कुरडया तशाच आहेत. त्यापेक्षा कळण्याचे पीठ पाठव, इथे मिळत नाही." ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले ते पीठ! जे यजमानांच्या पथ्यात बसत होते, ताईंच्याही बसत होते, तेच मुलाला हवे होते. जेवू घालणारी म्हणून त्यांची जागा जराही हलली नाही, फक्त डब्यातली वस्तू बदलली. त्यानंतर घर आवरायला त्यांना माझी फारशी गरज पडली नाही.

आता व्यवहाराचे बोलते, कारण प्रत्येकाला असा फोन करता येईलच असे नाही. न फोडलेले, मुदतीतले पुडे ओळखीच्या किराणा दुकानात परत घेतात किंवा बदलून देतात, फक्त ते विचारावे लागते आणि आपण विचारत नाही. घरचे वाळवण चांगले असेल तर ते जिथे एका पंगतीत अनेक माणसे जेवणार आहेत तिथे द्यावे. पन्नास पानांवर एकेक कुरडई कोणाला बाधत नाही, दोघांच्या घरात तोच डबा वर्षभर तळला जातो. पापडात मीठही असते आणि पापडखारही. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, हे रक्तदाब असलेल्यांनी तरी मनावर घ्यावे.

कामाला येणाऱ्या मावशींना देण्याबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते. द्यायला हरकत नाही, पण ताजे, चांगले, आणि "घेणार का?" असे विचारून. खवट शेव आणि मुदत संपलेली बिस्किटे त्यांच्या पिशवीत घालणे हे दान होत नाही. त्यांच्याही घरी साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असू शकतो आणि "नको" म्हणण्याची मोकळीक त्यांना आपणच द्यायला हवी.

उरलेले गाईला घालण्याची आपली रीत आहे. तिथेही हात आखडता घ्यावा. पोळ्या, पुरण, पीठ, गोडधोड एकदम जास्त प्रमाणात पोटात गेले तर जनावराच्या कोठीपोटात आम्ल वाढते, ते चरणे सोडते, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास दगावतेही. बैलपोळ्याच्या सणानंतर पशुवैद्यांकडे अशी जनावरे येतात. एखादी पोळी घालणे वेगळे आणि डबा रिता करणे वेगळे.

तळणीचे उरलेले तेल पुन्हापुन्हा वापरून "संपवणे" मात्र थांबवलेच पाहिजे. तेल वारंवार तापवले की त्यात घातक ध्रुवीय संयुगे वाढत जातात. 1 जुलै 2018 पासून देशात ती 25 टक्क्यांपेक्षा अधिक असलेले तेल स्वयंपाकाला वापरण्यास मनाई आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल काळपट, दाट, फेसाळ झाले की ते टाकायचेच. ते मोरीत ओतू नये, कागदात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात द्यावे. आणि जे खवट, बुरशी आलेले आहे, तेही टाकावे, हात जोडून टाकावे हवे तर. ताईंनी लाडवांचा तळ असाच टाकला आणि त्या रात्री झोप लागली, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

एक सावधगिरी. घर आवरण्याच्या उत्साहात साखरेचा शेवटचा डबाही बाहेर काढू नका, विशेषतः घरात कोणी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही ठरावीक गोळ्या घेत असेल तर. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, तर तीन चमचे साखर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यात विरघळवून लगेच द्यावी लागते आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काही न देता दवाखाना गाठायचा. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

यजमानांचा शेवभाजीचा प्रश्न आम्ही वेगळा सोडवला. ती त्यांना अतिशय प्रिय आहे आणि कायमची बंद केली असती तर त्यांनी ती बाहेर खाल्ली असती. महिन्यातून एका रविवारी, त्या दिवसापुरती शेव आणायची, तर्री कमी, सोबत भाकरी आणि कच्चा कांदा, असे दोघांनी मिळून ठरवले. किलोचा पुडा घरात आणायचा नाही, एवढीच अट. आहारातले बदल घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवले तर टिकतात. एकाने लादले तर दुसऱ्याच्या खिशात चिवड्याची पुडी सापडते, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात अवघड भाग राहतो तो बाहेरून येणाऱ्या खाण्याचा. दिवाळीचे खोके, बारशाचे पेढे, शेजारच्या घरून आलेले ताट. इथे माझा सल्ला असा की निर्णय त्याच संध्याकाळी घ्यावा. ज्याने दिले त्याच्यासमोर एक घास आवडीने खावा, त्याच्या मायेचा मान राखावा, आणि बाकीचे कोणाकडे जाणार हे खोका ओट्यावर ठेवण्यापूर्वी ठरवावे, कारण रात्री दहा वाजता भूक आणि खोका समोरासमोर आले की निर्णय भूकच घेते. ताईंच्या घरी आता असे खोके दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांसोबत त्यांच्या जुन्या शाळेत जातात. तिथे मधल्या सुट्टीत एकेका मुलाच्या वाट्याला एकेक तुकडा येतो, आणि गुरुजींना परत शाळेत जायला एक निमित्त मिळते.