तुटलेले गिऱ्हाईक परत जोडता येते का?

जालन्यात क्रिकेट बॅट तयार करणाऱ्या आपल्या घरच्या व्यवसायाकडे गिऱ्हाईक पाठ फिरवत असून ते जाहिरातीने परत येईल का, असे आपण विचारले आहे. केवळ जाहिरातीने येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅलवे या अमेरिकी गोल्फ कंपनीचे उदाहरण पाहावे. १९९१ साली 'बिग बर्था' या मोठ्या डोक्याच्या ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटका मारण्याच्या काठीने, बाजार जिंकणारी ही कंपनी पुढे तोट्यात गेली. २०१२ मध्ये चिप ब्रुअर यांनी सूत्रे हाती घेतल्यावर कंपनीने आधी मालावर मेहनत घेतली आणि २०१४ मध्ये तेच जुने, लोकांच्या तोंडी असलेले नाव नव्या रचनेसह परत आणले. २०१७ च्या 'एपिक' ड्रायव्हरमध्ये वरचा आणि खालचा भाग जोडणाऱ्या टायटॅनियमच्या दोन दांड्या होत्या. ही गोष्ट चित्रातून कोणालाही समजत असल्यामुळे जाहिरातीला सांगण्यासारखे काही मिळाले. मला स्वतःला त्यांचा 'ट्रुव्हिस' चेंडू अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्यावरील पंचकोनी रंगीत ठिपक्यांमुळे चेंडू घरंगळताना त्याची फिरकी डोळ्यांना दिसते.

आपल्या पैठणीचेही तसेच आहे: पदर उन्हात तिरपा धरला की धूपछाव रंग आपोआप बोलतो. आपल्या बॅटमध्ये गिऱ्हाइकाला हातात घेताच जाणवेल असा एक बदल आधी करावा, मूठ असो वा तोल, आणि वडिलांच्या काळचे नाव मात्र बदलू नये.