टीएसएच थोडाच वाढलाय, पण त्रास पुष्कळ आहे. गोळी मागावी की थांबावं?

तुम्ही लिहिलंय की थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच ६.४ आलाय, फ्री टी४ (हे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल आहे, आठ महिने अंगात त्राण नाही, थंडी सोसत नाही, केस गळतायत, वजन चार किलोंनी वाढलंय. डॉक्टर म्हणाले, "बॉर्डरलाइन आहे, तीन महिन्यांनी परत बघू." आता दुसरा डॉक्टर गाठून थायरॉइडची गोळी सुरू करून घ्यावी का, असं विचारताय.

मी डॉक्टर नाही. पण चार वर्षांपूर्वी मी अशीच रिपोर्ट हातात धरून चरफडत बाहेर पडले होते, म्हणून लिहितेय.

माझा आकडा ६.८ होता. तेव्हा मी ३७ वर्षांची होते. दुपारी तीनच्या सुमारास बसल्या जागी डोळे मिटायचे. सगळे उकाड्याने हैराण असताना मी पायांत मोजे घालून बसायचे. पोट साफ व्हायचं नाही, पाळीत रक्तस्राव फार व्हायचा. सगळ्यात लाज वाटायची ती बोलताना शब्द न सापडण्याची; मीटिंगमध्ये वाक्य अर्ध्यावर थांबायचं आणि समोरचे वाट बघत राहायचे. डॉक्टरांनी कागदावर एक नजर टाकली आणि म्हणाले, "वय वाढलं की असं होतं, टेन्शन घेऊ नका." पुढचा पेशंट आत येऊन बसलासुद्धा होता.

तो राग मला अजून आठवतो. तरी आज सांगते, त्यांचं बोलणं चुकीचं होतं, निर्णय बरोबर होता. एका रिपोर्टवर गोळी न देणं हा आळशीपणा नव्हता.

त्याचं कारण असं की टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोनच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. ही पिट्यूटरी म्हणजे फार कडक मुकादम. रक्तातलं टी४ जरासं कमी झालं की तिचा आवाज कितीतरी पटींनी चढतो. तुमच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की मुकादमाने आवाज चढवलाय, पण माल अजून पुरेसा निघतोय. हा आवाज दिवसभर एकसारखाही नसतो. टीएसएच रात्री उशिरा आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठताना तात्पुरता वाढतो. लिथियम, अमायोडॅरोनसारख्या काही औषधांनीही वाढतो. चार-साडेचारच्या वर, पण दहाच्या आत असलेले बरेच आकडे काही न करताच खाली येतात. म्हणून दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळेला, पुन्हा तपासायचं.

एक आडवी सूचना. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा आणि तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या थांबवा. काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. आपल्याला वाटतं बरे झालो, आणि थायरॉइड आहे तिथेच असतं.

माझा दुसरा आकडा ७.९ आला. या वेळी अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडीही तपासली होती आणि ती पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटलेली. जपानी डॉक्टर हाशिमोतो यांनी १९१२ साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला, त्यांचंच नाव त्याला मिळालं. मी घाबरले. मग इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या पाहणीबद्दल वाचलं. तिथल्या लोकांवर वीस वर्षं नजर ठेवली होती. टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या बायकांपैकी दर वर्षी साधारण ४.३ टक्के जणींचा थायरॉइड पुरता मंदावला. नुसता टीएसएच वाढलेला असेल तर २.६ टक्के. वर्षावर्षाने ही बेरीज मोठी होते, त्यामुळे दुर्लक्ष करून चालत नाही. पण उद्याच काही कोसळणार नाही, एवढा दिलासा त्यातून मिळाला. अँटी-टीपीओ तुमची झालेली दिसत नाही. ती करून घ्या.

दोन्ही रिपोर्ट घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी थायरॉइडबद्दल एक शब्द बोलायच्या आधी दहा मिनिटं भलतंच विचारलं. झोप किती तास? घोरता का? पाळीचे किती दिवस, किती पॅड? मन उदास असतं का, की फक्त शरीर थकतं? मग हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासायला सांगितली. फेरिटिन निघालं ८. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा, आणि हे आधी कुणी बघितलंच नव्हतं.

तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय: "टीएसएच का वाढला हा एक प्रश्न. तुम्ही का थकता हा दुसरा. उत्तर एकच असेल असं धरून चालू नका."

खरं तर ही दोन्ही टोकं एकमेकांत अडकलेलीही असतात. थायरॉइड मंद झाला की पाळीत रक्त जास्त जातं, त्याने लोह घटतं. आणि लोह घटलं की थायरॉइडमध्ये हार्मोन बनवणारं एन्झाइम ढिलं पडतं, कारण त्याला लोह लागतं. पण थकवा, केस गळणं, वजन, विसराळूपणा हे रक्त कमी असेल तरी होतं, बी१२ कमी असेल, झोप अपुरी असेल, नैराश्य असेल, पाळी जायच्या आधीची वर्षं असतील, तरी होतं. लक्षणांवर थायरॉइडचा शिक्का नसतो.

गोळीबद्दलही त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दोनदा तपासून टीएसएच दहाच्या वर आला तर बहुतेक डॉक्टर उपचार सुचवतात. गर्भधारणेचा विचार असेल तर सगळं गणितच वेगळं, ते पहिल्याच भेटीत सांगायचं. खरा वाद आहे तो दहाच्या खालच्यांबद्दल, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल. २०१७ मध्ये ट्रस्ट नावाचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६५ च्या पुढचे ७३७ लोक, काहींना थायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. वर्षभराने खऱ्या गोळीवाल्यांचा टीएसएच खाली आला होता, थकव्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या तज्ज्ञांच्या गटाने टीएसएच वाढलेल्या पण टी४ नॉर्मल असलेल्या रुग्णांना सरसकट गोळी देऊ नका असं ठामपणे सांगितलं. गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या बायका आणि वीसच्या वरचा टीएसएच त्यातून वगळला, आणि तीव्र लक्षणं असणाऱ्यांना किंवा अगदी तरुणांना हे लागू होईलच असं नाही, असंही म्हटलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने लिहिलं, की वय ६५ च्या आत असेल, तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा टीएसएच जास्त आला असेल आणि लक्षणं असतील, तर सहा महिने गोळी देऊन पाहण्याचा विचार करावा. टीएसएच जागेवर येऊनही बरं वाटलं नाही, तर बंद करावी. थोडक्यात, जाणत्यांचंच एकमत नाही. तुमचे डॉक्टर थांबा म्हणाले ते तुम्हाला खोटं ठरवायला नव्हे.

आम्ही सहा महिन्यांचा प्रयोग ठरवला. पहिली गोळी घेण्याआधी मी चार तक्रारी लिहून प्रत्येकीला दहापैकी गुण दिले: थकवा ८, थंडी ७, पोट ६, शब्द न सापडणं ६. हे जरूर करा. नंतर माणूस आठवणीने मार्क देतो आणि आठवण आपल्याला हवं तेच सांगते.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की आधी लोह भरून काढू, मग थायरॉइडचं बघू. मला धीर नव्हता. दोन्ही एकदम सुरू करा म्हणून मी हट्ट धरला. गोळ्या कधी घ्यायच्या हे सांगितलेलं मी नीट ऐकलंच नाही आणि सकाळी उठल्यावर दोन्ही एकाच घोटात घेत राहिले. सहा आठवड्यांनी टीएसएच ७.३. मी रडकुंडीला आले. बाईंनी विचारलं, "कशी घेता, ते करून दाखवा." दाखवलं, आणि त्या हसल्याच. लोह पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. कॅल्शियमही तेच करतं. दोघांत चार तासांचं अंतर हवं. थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. वेळ बदलली. डोस तोच, ५० मायक्रोग्रॅम. आठ आठवड्यांनी टीएसएच २.९.

मधेच चौथ्या दिवशी काही वाटत नाही म्हणून डोस वाढवू नका. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे पातळी स्थिर व्हायला सहा आठवडे जातात. गरजेपेक्षा जास्त झालं तर छातीत धडधड, झोप उडणं, आणि दीर्घकाळ तसंच राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं. "थायरॉइड सपोर्ट" म्हणून विकल्या जाणाऱ्या आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्यांपासूनही लांब राहा. जास्तीचं आयोडीन अशा थायरॉइडला आणखी मंद करू शकतं.

सहा महिन्यांनी वही उघडली. थंडी ७ वरून २. पोट १. शब्द ३. थकवा ८ वरून ५, तिथेच अडला. वजन दीड किलो उतरलं, ज्याची मला सगळ्यात जास्त आशा होती. केस पाचव्या महिन्यात गळायचे थांबले, तोवर फेरिटिनही चाळिशीत पोचलं होतं. यातलं कशामुळे काय सुधारलं? मला सांगता येत नाही, आणि तो दोष माझ्या हट्टाचा. एकेक करून घेतलं असतं तर कदाचित आज ही गोळी लागलीच नसती, किंवा निदान लागते हे ठाम माहीत असतं. उरलेल्या थकव्याचं कारण इतकं साधं निघालं की सांगायला संकोच वाटतो. मी वर्षानुवर्षं साडेपाच तास झोपत होते.

आता तुमचा मूळ प्रश्न, डॉक्टर बदलावा का. आधी आहेत त्यांनाच एकदा नीट विचारून बघा. "गोळी द्या" म्हणून नको. असं विचारा: पुढच्या तपासणीत अँटी-टीपीओ घ्यायची का? तोवर फेरिटिन, बी१२ बघू या का? आकडा पुन्हा वाढलेलाच आला आणि त्रास असाच राहिला, तर सहा महिने औषध देऊन बघाल का, आणि उपयोग झाला नाही तर बंद कराल का? यावरही हात झटकले तर खुशाल बदला, मीही बदलला. फक्त दुसरा रिपोर्ट हातात आल्यावर जा. नुसत्या ६.४ वर नवा डॉक्टरही तुम्हाला तीन महिन्यांनी या असंच सांगेल. टीएसएच दहाच्या वर गेला, गळ्याशी सूज दिसली किंवा दिवस राहिले, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.