दुसरा आठवडा सांभाळ

अनेक आशीर्वाद.

निद्रानाशाच्या पेशंटसोबत काम करायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद झाला. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने झोपेची तक्रार असलेला माणूस आपल्याकडे येतो, तोवर भेटेल त्याने त्याला उपाय सांगून झालेले असतात. तूही पुन्हा तीच यादी वाचू नकोस. आधी त्याचं ऐकून घे.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांतली तळमळ, नैराश्य, चालू असलेली औषधं, सगळं विचार. शंका आली तर डॉक्टरांकडे पाठव. झोपेची गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करायला मुळीच सांगू नकोस. डोस हळूहळू उतरवणं हे डॉक्टरांचं काम.

सीबीटी-आय, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा उपचार, तू शिकलाच आहेस. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी हाच पहिला उपचार म्हणून सुचवला. पण कागदावर सोपी वाटणारी ही पद्धत पेशंटला जड जाते ती अंथरुणातला वेळ कमी करताना. समज, त्याने रोज लिहिलेल्या झोपेच्या डायरीप्रमाणे तो ११ ते ७ पडून असतो आणि झोप होते जेमतेम साडेपाच तास. मग आपण सांगतो, साडेबाराला आडवं व्हायचं, सहाला उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. आधीच थकलेल्या माणसाला हे क्रूर वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही. पहिले काही दिवस दिवसाची पेंग वाढतेच. म्हणून हे आधीच स्पष्ट सांग, आणि पेंग येत असताना गाडी चालवायची नाही हेही बजाव. बायपोलर आजार किंवा फिट्स असतील तर हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस. अंथरुणातला वेळ ५ तासांखाली कधीच नेऊ नकोस.

जे उपचार सोडून देतात, ते बरेचदा इथेच, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. पुढच्या भेटीची वाट न पाहता मधेच फोन कर. 'झोप लागली का?' असं विचारलंस की त्याला परीक्षा वाटते. 'सकाळी ठरल्या वेळी उठता आलं का?' असं विचार. जगणं नकोसं वाटतं का, हेही न घाबरता विचार. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दे. पडून राहिलेल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त झोप होऊ लागली की १५-१५ मिनिटं वाढवत जा.

पहिल्या पेशंटची डायरी, नाव वगळून, मला पाठव. वेळा आपण मिळून ठरवू.