ओके बटण कुठे गेलं? ब्राउझरच्या सेटिंगबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि ईमेलमध्ये एकच विषय फिरून फिरून आला, तो म्हणजे ब्राउझरची सेटिंग्ज आता छोट्या खिडकीत न उघडता टॅबमध्ये का उघडतात. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालोय. नोकरीत कायम इंटरनेट एक्सप्लोरर वापरला. त्यात इंटरनेट ऑप्शन्स म्हटलं की छोटी खिडकी यायची, खाली ओके, कॅन्सल, अप्लाय. आता मुलाने क्रोम टाकून दिलंय, त्यात अख्खं पान उघडतं वेबसाइटसारखं. काहीतरी बदलतो आणि ओके शोधत बसतो. सेव्ह झालं की नाही तेच कळत नाही. चांगली पद्धत होती, ती का मोडली?
*निवृत्त बँक कर्मचारी, सांगली*

उत्तर : काका, आधी काळजी सोडा, तुम्ही केलेला बदल सेव्ह झालेला असतो. बटण सरकवलं की त्याच क्षणी तो लागू होतो, टॅब बंद केला तरी चालतं, ओके लागतच नाही.

आता का मोडली ते. क्रोम 2008 च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा त्याचीही सेटिंग्ज तुमच्या ओळखीच्या खिडकीतच होती, बेसिक्स, मायनर ट्वीक्स आणि अंडर द हूड असे तीन कप्पे, आणि गंमत म्हणजे त्या कप्प्यांनाही टॅबच म्हणायचे त्यामुळे बोलताना अजून घोळ होतो. मार्च 2011 ला क्रोम 10 आला आणि ही खिडकी गेली, सेटिंग्ज ब्राउझरच्या टॅबमध्ये आली, सोबत सर्चचा डबा आला. फायरफॉक्सने हेच मे 2015 मध्ये 38 व्या आवृत्तीत केलं. एक मोठं कारण असं की खिडकी ही प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी बनवावी लागते, विंडोजची वेगळी, मॅकची वेगळी, लिनक्सची वेगळी, आणि पान एकदा बनवलं की सगळीकडे तेच चालतं. त्यात 2011 लाच क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टिमवर चालणारे लॅपटॉप, बाजारात आली, तिथे तर ब्राउझर हाच सगळा संसार, खिडकी टाकायची कुठे.

पण तुमच्या बाजूने बघितलं तरी जुनी खिडकी इतकी चांगली नव्हती हो. इंटरनेट ऑप्शन्समध्ये सात कप्पे होते, त्यातला अ‍ॅडव्हान्स्ड आठवतोय का? चौकोन केवढासा, आणि त्यात टिकमार्कची ही लांबलचक यादी, चिंचोळ्या पट्टीने खाली खाली सरकवत बसायची, शोधायची सोय नाही, खिडकी मोठी करायची सोय नाही. आणि प्रॉक्सी, म्हणजे ऑफिसचं इंटरनेट ज्या मधल्या कॉम्प्युटरमधून जातं त्याचा पत्ता, टाकायचा तर कनेक्शन्समध्ये जा, लॅन सेटिंग्ज दाबा की दुसरी खिडकी, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड दाबा की तिसरी, आणि मग बाहेर येताना तीनदा ओके, एका ठिकाणी चुकून कॅन्सल झालं की आतलं सगळं पाण्यात. बँकेत तुम्ही हे केलंच असणार.

तरी तुमच्या तक्रारीत एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि ती कुणीतरी लावून धरायला हवी. कॅन्सल गेलं. कॅन्सल असायचं म्हणून माणूस बिनधास्त चार ठिकाणी टिकमार्क करून बघायचा, नाही पटलं तर कॅन्सल, झालं, जैसे थे. आता टॅबमध्ये बरेच जण काहीतरी बदलतात, घाबरतात आणि ब्राउझरचा मागे जायचा बाण दाबतात, त्यांना वाटतं बदल रद्द झाला. होत नाही! बाण फक्त आधीच्या पानावर नेतो, बदल आहे तिथेच राहतो. निदान शेवटचे चार-पाच बदल दाखवून ते मागे घ्यायची सोय सेटिंगच्या पानावर हवी असं मला मनापासून वाटतं, कारण नवशिक्या माणसाचा हात तिथेच आखडतो.

तोवर उपाय म्हणजे बदलायच्या आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. आणि अगदीच बिघडलं तर सेटिंगच्या सर्चमध्ये रीसेट टाइप करा. त्याने सर्च इंजिन, सुरुवातीचं पान वगैरे मूळ जागी येतं, एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, बंद होतात, कुकीज, म्हणजे साइटने लॉगिन लक्षात ठेवायला साठवलेल्या खुणा, जातात म्हणून पुन्हा लॉगिन करावं लागतं, पण बुकमार्क, हिस्ट्री आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. आणि बघा, रीसेट दाबलं की समोर छोटी खिडकी येते, कॅन्सलसकट. तिथे ती मुद्दाम ठेवलीये.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, आई ठाण्याला. तिच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात सारख्या कुठल्यातरी साइटच्या नोटिफिकेशन येतात. फोनवरून सांगताना 'वर उजवीकडे तीन टिंबं' इथपर्यंत पोचतो आणि पुढे आम्ही दोघी हरवतो. काही सोपा मार्ग?
*एक लेक, न्यू जर्सी*

उत्तर : आहे, आणि तो सेटिंग टॅबमध्ये गेली म्हणूनच आहे. टॅब म्हटलं की त्याला पत्ता आला. तुमच्या क्रोममध्ये तुम्ही सेटिंग्ज उघडा, साइट सेटिंग्जमधून नोटिफिकेशन्सच्या पानावर जा, वर अ‍ॅड्रेस बारमध्ये जे दिसतं ते जसंच्या तसं कॉपी करून आईला पाठवा. तो पत्ता इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन स्लॅश, सेटिंग्ज, स्लॅश, कंटेंट, स्लॅश, नोटिफिकेशन्स असा असतो. आईने त्यावर नुसतं क्लिक करून चालणार नाही, कारण कुठल्याही वेबसाइटने तुम्हाला परस्पर सेटिंगच्या पानावर नेऊ नये म्हणून ब्राउझर तशी लिंक उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे. कॉपी करून अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करायचं आणि एंटर. मग परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, नको त्या नावापुढची तीन टिंबं दाबून ब्लॉक, संपलं.

पत्ता पाठवणं जमत नसेल तर सेटिंग उघडून वरच्या सर्चमध्ये शब्द टाकायला सांगा. आईचा क्रोम मराठीत असेल तर मराठी शब्दच टाकायचा, पान ज्या भाषेत दिसतंय त्याच भाषेत ते शोधतं. आणि अक्षरं बारीक दिसत असतील तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, सेटिंगचं पान कुठल्याही वेबपेजसारखं मोठं होतं. खिडकीत हे कधीच व्हायचं नाही.

मला या प्रश्नाशी जरा जास्तच जवळीक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कराडच्या मावशीकडे एक नेटबुक, म्हणजे छोटासा लॅपटॉप, होता, स्क्रीनची उंची फक्त 600 पिक्सेल, आणि एक दिवस तिचा फोन आला की कॉम्प्युटर हँग झालाय, काही दाबलं की नुसता टण् आवाज येतो. मी इकडून हे दाब ते दाब सांगतोय, ती तिकडून टण् ऐकवतेय, शेवटी तिने रडवेल्या आवाजात विचारलं की मी काही बिघडवलं का रे. चाळीसेक मिनिटांनी लक्षात आलं की ऑप्शन्सची खिडकी उघडी होती, ती स्क्रीनपेक्षा उंच होती, आणि ओके-कॅन्सलची सगळी ओळ स्क्रीनच्या खाली गेली होती. ती खिडकी बंद होईपर्यंत मागचा ब्राउझर क्लिक घेणार नाही अशीच रचना असते, त्याचाच तो टण्. नुसतं एस्केप दाबलं असतं तरी सुटका होती, पण ते तिला कुठून माहीत असणार. मावशीने काहीच बिघडवलं नव्हतं. तेव्हापासून बटणं स्क्रीनबाहेर जाऊ शकणारी खिडकी मला डोळ्यांसमोर नको वाटते.

प्रश्न : मॅकवर सफारीची सेटिंग्ज अजून वेगळ्या खिडकीतच उघडतात. अ‍ॅपल मागे राहिलं का?
*वाचक, नाशिक*

उत्तर : नाही. मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम दाबला की त्या त्या अ‍ॅपची सेटिंगची खिडकी उघडायची ही जुनी रीत आहे, सफारी तीच पाळतो. 2022 च्या व्हेंचुरा या मॅकच्या सिस्टिमपासून नाव तेवढं प्रेफरन्सेसचं सेटिंग्ज झालं. पण फरक बघा, ती खिडकी उघडी ठेवून मागे सफारी वापरता येतो, ती अडवून धरत नाही, आणि बदल लगेच लागू होतो. त्यामुळे मावशीसारखी गत तिथे होत नाही. विवाल्डी नावाच्या ब्राउझरमध्ये तर खिडकी हवी की टॅब हे तुम्हीच ठरवू शकता.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट कॉलेजच्या लायब्ररीसाठी वेब अ‍ॅप बनवायचा आहे. सेटिंग्ज डायलॉग बॉक्समध्ये (छोट्या खिडकीत) द्यायची की वेगळ्या पानावर यावरून आमच्यात दोन गट पडलेत. गाइड म्हणतात काहीही चालेल.
*विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर*

उत्तर : काहीही नाही चालणार, भांडताय ते चांगलंच आहे. एक साधी कसोटी लावा: तिथे माणूस रेंगाळणार आहे की एका प्रश्नाचं उत्तर देऊन निघणार आहे? दंडाचा दर, पुस्तक किती दिवस द्यायचं, सुट्ट्यांची यादी, ईमेल कधी पाठवायचा, हे सगळं वाचत, विचार करत, कदाचित दुसऱ्या टॅबमध्ये नियमांची पीडीएफ उघडून भरायचं काम आहे, त्याला स्वतःचं पान आणि स्वतःचा पत्ता द्या. आणि 'या सभासदाची सगळी नोंद पुसायची का' याला डायलॉग द्या, कारण तिथे थांबवणं हेच काम आहे. त्या बटणावर नुसतं ओके लिहू नका, 'नोंद पुसा' असं लिहा, घाईतला माणूस प्रश्न वाचत नाही, बटण वाचतो.

ब्राउझर स्वतःही असंच मिसळून वापरतात. फायरफॉक्समध्ये सेटिंग टॅबमध्ये आहे, पण प्रॉक्सीचं बटण दाबलं की त्याच टॅबच्या आत छोटा डायलॉग उघडतो, ओके-कॅन्सलसकट. योग्यच आहे, प्रॉक्सीचा पत्ता अर्धा टाइप झालेला असताना लागू झाला तर इंटरनेटच बंद पडेल, तिथे सगळं भरून झाल्यावरच लागू व्हायला हवं. म्हणजे लगेच लागू करायचं की ओके नंतर, हा टॅब-डायलॉगपेक्षा वेगळा प्रश्न आहे, तुमच्या वादात ते दोन्ही एकात मिसळले असतील तर आधी सुटे करा.

पानाला सर्च मात्र द्याच. फायरफॉक्सची सेटिंग 2015 ला टॅबमध्ये आली पण त्यात शोधायची सोय यायला 2017 चा सप्टेंबर उजाडला, 56 वी आवृत्ती. मधली दोन वर्षं जागा भरपूर आणि सापडत काही नाही अशी होती.

डायलॉग करताना डिव्हवर डिव्ह (पानावरचे साधे चौकोन) चढवून घरचा बनवू नका, एचटीएमएलमध्ये डायलॉग नावाचा टॅगच आहे आणि मार्च 2022 पासून फायरफॉक्स आणि सफारीतही चालतो, क्रोममध्ये तर 2014 पासून. शो-मोडल ही त्याची आज्ञा वापरून उघडलात की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, एस्केपने बंद होतो, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या विद्यार्थ्याचा फोकस मागे भरकटत नाही. घरी बनवलेल्यात हे सगळं राहून जातं आणि डेमोच्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही, त्रास होतो तो नंतर वापरणाऱ्याला.

प्रश्न : बाबांच्या स्क्रीनवर सेटिंगसारखं पान आलं, 'तुमचा ब्राउझर असुरक्षित आहे, या नंबरवर फोन करा' असं. सेटिंगच आता वेबपेजसारखी दिसते, मग खरं-खोटं ओळखायचं कसं?
*मुलगी, कोल्हापूर*

उत्तर : टॅबचा हा खरोखरचा तोटा आहे, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पानाच्या आत वेबसाइट काहीही रंगवू शकते, हुबेहूब सेटिंगचं पान, इतकंच काय हुबेहूब खिडकीसुद्धा. तिला हात लावता येत नाही तो वरच्या अ‍ॅड्रेस बारला. खरं सेटिंगचं पान असेल तर क्रोममध्ये तिथे डाव्या बाजूला लोगो आणि क्रोम असा शब्द दिसतो, फायरफॉक्समध्ये तसंच फायरफॉक्स. तिथे कुठल्या साइटचं नाव असेल तर पान खोटं. अ‍ॅड्रेस बारच दिसत नसेल तर पान फुल स्क्रीन झालंय, एस्केप थोडा वेळ दाबून धरा, बार परत येईल. आणि कुठलाही ब्राउझर सेटिंगच्या पानावर फोन नंबर देऊन फोन करा म्हणत नाही.

तो टॅब बंद करा, आणि बाबांनी त्या नंबरवर फोन केला होता का, कुणाच्या सांगण्यावरून काही अ‍ॅप टाकलं का, हे आजच न रागावता विचारा, रागावलात तर ते सांगणार नाहीत. अ‍ॅप टाकलं असेल तर इंटरनेट बंद करून ते काढा आणि दुसऱ्या मशीनवरून बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.